पंखा किती इंचांचा? शिडाच्या बोटीसाठी प्रोपेलर निवडण्याचा हिशेब

बोटीला इंजिन घ्यायचे ठरले की मालक दहा ठिकाणी चौकशी करतो. कोणत्या कंपनीचे घ्यावे, किती अश्वशक्तीचे घ्यावे, सुटे भाग कुठे मिळतील, हप्ते कसे बसतील, याची चर्चा महिना महिना चालते. पण त्या इंजिनाला जोडायचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बहुधा पाच मिनिटांत ठरतो. शेजारच्या बोटीला जो आहे तोच, किंवा दुकानात जो शिल्लक आहे तो, किंवा मोठा घेतला तर ताकद जास्त मिळेल म्हणून एक इंच मोठा. इथेच नुकसानीची सुरुवात होते. इंजिन कितीही चांगले असले तरी त्याची सारी ताकद शेवटी त्या दोन-तीन पात्यांच्या मार्फतच पाण्याला लागते. पात्यांचे माप चुकले तर इंजिनावर घातलेला पैसा काळ्या धुरातून बाहेर जातो.

शिडाच्या बोटीत ही बाब आणखी नाजूक आहे. तिथे इंजिन आत, बुडात बसवलेले असते आणि त्याचे काम रोजचे नसून अडीअडचणीचे असते. वारा पडला, ओहोटी उलटी लागली, बंदराच्या तोंडाशी वळण घ्यायचे आहे, किंवा वारा बोटीला खडकाकडे ढकलतो आहे, अशा वेळी इंजिन लागते. नेमक्या त्या वेळी पंख्याने पाणी धरले नाही, किंवा इंजिनाला पूर्ण फेरे घेऊ दिले नाहीत, तर प्रश्न डिझेलच्या खर्चाचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. म्हणून या लेखात आपण पंख्याचे माप कसे काढावे, ते बरोबर आहे की नाही याची खातरजमा कशी करावी आणि खरेदी करताना काय पाहावे, हे क्रमाने समजून घेऊ. गणित अवघड नाही. हिशेबाच्या वहीची सवय असलेल्या कोणालाही ते जमेल.

पंख्यावरचे आकडे काय सांगतात?

पंख्याच्या मधल्या गड्ड्यावर साधारणपणे दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १६ × ११. पहिला आकडा व्यासाचा. पाती फिरताना जे वर्तुळ होते त्याची रुंदी १६ इंच. दुसरा आकडा पिचचा. लाकडात स्क्रू एक पूर्ण फेरा फिरवला की तो जितका आत जातो, तितके त्याचे पिच. पंखाही पाण्यातला स्क्रूच आहे. पाणी लाकडासारखे घट्ट असते तर ११ पिचच्या पंख्याने एका फेऱ्यात बोट ११ इंच पुढे गेली असती.

पण पाणी घट्ट नाही, ते मागे सरकते. त्यामुळे बोट ११ इंचांऐवजी साडेपाच-सहा इंचच पुढे जाते. या फरकाला घसर म्हणू. कापड मापताना काही टक्के आटणार हे आम्ही आधीच धरून चालतो, तशीच पंख्याच्या हिशेबात घसर आधी धरावी लागते. मंद चालणाऱ्या शिडाच्या बोटीत ती ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. हा दोष नव्हे. पाणी मागे ढकलल्याशिवाय बोट पुढे जाऊच शकत नाही.

तिसरी गोष्ट पात्यांची संख्या आणि चौथी फिरण्याची दिशा. बोटीच्या मागे उभे राहून पाहिले असता पुढे जाताना जो पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो तो उजवा, उलट फिरतो तो डावा. गिअरबॉक्सचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेचा पंखा घ्यावा लागतो. उजव्या पंख्याची बोट रिव्हर्समध्ये टाकली की तिचा मागचा भाग सहसा डावीकडे सरकतो. धक्क्याला लावताना तांडेलाला हे ठाऊक असले पाहिजे.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

पंख्याच्या इतिहासातच एक धडा आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ साली स्क्रू पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा लाकडी होता आणि बाटली उघडण्याच्या स्क्रूसारखे त्याला पूर्ण दोन वेढे होते. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो अडकून अर्धा तुटला. बोट थांबायला हवी होती, पण ती पूर्वीपेक्षा जास्त वेगाने चालू लागली. अर्धा पंखा गेला आणि वेग वाढला. पुढे १८४५ साली ब्रिटिश नौदलाने पंख्याचे रॅटलर आणि चाकांचे अलेक्टो ही दोन जहाजे शेपटीला शेपटी बांधून ओढाताण करायला लावली. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले आणि पंख्याबद्दलचा उरलासुरला शक संपला. तेव्हापासून आजपर्यंत पंख्याच्या विद्येचा सारांश तोच आहे: मोठे माप नव्हे, जुळणारे माप कामाचे.

आधी बोटीचा वेग ठरवा

माप काढण्याची सुरुवात इंजिनापासून करू नये, बोटीपासून करावी. पाणी कापत चालणाऱ्या बोटीला वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते. बोट चालते तेव्हा पुढे एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढला की या दोन लाटांमधले अंतर वाढते. ते अंतर बोटीच्या पाण्यातल्या लांबीइतके झाले की बोट आपणच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते. त्यापुढे तिला ढकलायचे म्हणजे चढावर गाडा ढकलणे होय. ताकद दुप्पट लावली तरी वेग थोडाच वाढतो.

ही मर्यादा काढण्याची सोपी रीत अशी: पाण्यातली लांबी फुटात घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. लक्षात ठेवावे की ही लांबी पाण्याच्या रेषेवरची आहे, टोकापासून टोकापर्यंतची नव्हे.

उदाहरणासाठी आपण ३० फुटी शिडाची बोट घेऊ. तिची पाण्यातली लांबी २५ फूट, वजन सुमारे साडेचार टन. २५ चे वर्गमूळ ५, त्याला १.३४ ने गुणले की ६.७ नॉट. म्हणजे या बोटीला इंजिनावर साडेसहा नॉटपेक्षा जास्त वेगाची आशा धरण्यात अर्थ नाही. पिचचा हिशेब याच वेगावर करायचा.

इंजिनाच्या ताकदीचा रूढ ठोकताळा टनाला सुमारे चार अश्वशक्तीचा आहे. साडेचार टनाला १८, म्हणून २० अश्वशक्तीचे इंजिन पुरेसे. समजा ते ३४०० फेऱ्यांना आपली पूर्ण ताकद देते.

पंख्याचे फेरे वेगळे, इंजिनाचे वेगळे

बहुतेकांचा गैरसमज इथे होतो. इंजिन मिनिटाला ३४०० फेरे घेते, पण पंखा तितके घेत नाही. मध्ये गिअरबॉक्स असतो. त्यावर २.६ असा आकडा असेल तर इंजिनाच्या २.६ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. ३४०० ला २.६ ने भागले की १३०८ येतात. आपण १३०० धरू. पंख्याचा सारा हिशेब या १३०० फेऱ्यांवर करायचा.

आता व्यास. अमेरिकेतील नौका-रचनाकार डेव्हिड गेर यांच्या ‘प्रोपेलर हँडबुक’ या १९८९ च्या पुस्तकात तीन पात्यांच्या पंख्यासाठी एक सूत्र दिलेले आहे. अश्वशक्तीचा ०.२ वा घात घ्यावा, त्याला ६३२.७ ने गुणावे आणि पंख्याच्या फेऱ्यांच्या ०.६ व्या घाताने भागावे. व्यास इंचात येतो. घात काढायला शाळेतल्या मुलाचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. आपल्या उदाहरणात २० चा ०.२ वा घात १.८२ आणि १३०० चा ०.६ वा घात सुमारे ७३.९. गुणाकार-भागाकार केला की १५.६ इंच येतात.

मग पिच. एक नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे १२१५ इंच. साडेसहा नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे ७९०० इंच. त्याला १३०० फेऱ्यांनी भागले की एका फेऱ्यात बोट ६.१ इंच पुढे जायला हवी, असे निघते. घसर ४८ टक्के धरली तर पिचच्या शंभरातले ५२ च हाती लागतात. म्हणून ६.१ ला ०.५२ ने भागावे. उत्तर सुमारे ११.७ इंच.

बाजारात पंखे पूर्ण इंचात मिळतात. व्यास १५.६ चा १६ केला, म्हणजे थोडा वाढवला, तर पिच ११.७ चे ११ करावे, म्हणजे थोडे कमी करावे. एकीकडे दिले ते दुसरीकडून घेतले. अशा रीतीने आपले माप १६ × ११ ठरले.

शेजाऱ्याचा पंखा का चालत नाही?

आता तेच इंजिन, तीच बोट, फक्त गिअरबॉक्स २.६ ऐवजी २ चा आहे असे समजू. पंख्याचे फेरे १३०० वरून १७०० झाले. वरचाच हिशेब पुन्हा केला तर व्यास १३.३ आणि पिच सुमारे ९ येते. म्हणजे १३ × ९. इंजिनावरची कंपनीची पाटी एकच, अश्वशक्ती एकच, पण पंख्यात तीन इंचांचा फरक. म्हणून ‘त्याचे इंजिनही वीसचेच आहे, त्याचा पंखा पाहून घेतो’ हे म्हणणे धोक्याचे आहे.

दोन्हींत चांगला कोणता? जागा असेल तर मोठा आणि मंद फिरणारा. थोडे पाणी जोराने फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश ढकलण्यात ताकद कमी वाया जाते. समोरून वारा आणि लाटा असताना, तसेच बोट थांबवताना, मोठ्या मंद पंख्याची पकड चांगली असते. म्हणून नवे इंजिन घेतानाच गिअरबॉक्सचे प्रमाण विचारून घ्यावे. नंतर ते बदलणे महाग पडते.

कोकणात आणखी एक घोटाळा होऊ शकतो. बंदरात ट्रॉलरच जास्त असतात, तेव्हा त्यांचाच सल्ला मिळतो. पण ट्रॉलर जाळे ओढत दोन-तीन नॉटने चालतो. त्याला ओढ हवी, वेग नको. त्याचा पंखा व्यासाने मोठा आणि पिचने कमी ठेवतात. शिडाच्या बोटीला काही ओढायचे नसते. ट्रॉलरचा सल्ला ट्रॉलरसाठी बरोबरच असतो, तो आपल्या बोटीला लावू नये.

जागा किती आहे ते मोजा

हिशेबाने १६ आले, पण १६ इंचांचा पंखा बसेल का? पात्याचे टोक आणि बोटीचे बूड यांच्यामध्ये व्यासाच्या किमान १० टक्के, शक्य तर १५ टक्के मोकळी जागा हवी. १६ इंचांना १० टक्के म्हणजे १.६ इंच आणि १५ टक्के म्हणजे २.४ इंच. यापेक्षा कमी जागा राहिली तर प्रत्येक पाते बुडाजवळून जाताना पाण्याचा धक्का देते. बोट थरथरते, आवाज येतो, शाफ्टच्या बेअरिंगचे आयुष्य घटते.

म्हणून टेप घेऊन शाफ्टच्या मध्यापासून बुडापर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते ९ इंच भरले. १६ इंचांच्या पंख्याची त्रिज्या ८ इंच, म्हणजे फक्त १ इंच मोकळा राहतो. हे पुरेसे नाही. १५ इंचांचा घेतला तर दीड इंच राहतो, म्हणजे बरोबर १० टक्के. अशा वेळी १५ × १३ घ्यावा. व्यास एक इंच कमी केला तर पिच सुमारे दोन इंच वाढवावे, असा रूढ ठोकताळा आहे. जागा ही अशी अट आहे की तिच्यापुढे सूत्राने माघार घ्यायची.

एक इंचाची किंमत

‘एका इंचाने काय होते?’ असे पुष्कळ जण म्हणतात. काय होते ते पाहू. पंखा जी ताकद खातो ती फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने आणि व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास आणि पिच यांचे प्रमाण तेच ठेवून १६ इंचांचा पंखा १७ इंचांचा केला तर तितक्याच फेऱ्यांना सुमारे ३५ टक्के जास्त ताकद लागते. २० अश्वशक्तीचे इंजिन २७ अश्वशक्ती कुठून आणणार? ते फेरे कमी करते आणि गुदमरत चालते.

फेऱ्यांचा तिसरा घात मात्र मालकाच्या फायद्याचा आहे. इंजिन ३४०० ऐवजी ८० टक्के, म्हणजे सुमारे २७०० फेऱ्यांवर चालवले तर पंखा निम्मीच, म्हणजे १० अश्वशक्ती खातो. छोटे डिझेल इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण पाव लिटर डिझेल घेते. पूर्ण रेसवर तासाला ५ लिटर, ८० टक्क्यांवर अडीच. वेग मात्र साडेसहावरून सव्वापाच नॉटच्या आसपास येतो. ३० सागरी मैलांच्या फेरीत पूर्ण रेसवर सुमारे २३ लिटर जातील, ८० टक्क्यांवर सुमारे १४. एक तास उशीर, नऊ लिटरची बचत. पण हा हिशेब पंखा जुळलेला असेल तरच लागू होतो.

शेवटचा न्याय समुद्रात

सूत्राने निघालेले माप म्हणजे शिंप्याची कच्ची शिलाई समजावी. अंगावर घालून पाहिल्याशिवाय पक्की करू नये. पंख्याची अंगावरची कसोटी एकच आहे: बोट चालू असताना पूर्ण रेस दिली तर इंजिनाने कंपनीने सांगितलेले पूर्ण फेरे घेतले पाहिजेत. आपल्या उदाहरणात ३४००. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी हा लेख वाचल्याचे सार्थक होईल.

चाचणीआधी चार गोष्टी पाहाव्यात. बूड आणि पंखा स्वच्छ हवा. रेसची केबल इंजिनावरच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते का, ते डोळ्यांनी पाहावे. डिझेलचा आणि हवेचा फिल्टर साफ हवा. फेरे दाखवणारे घड्याळ खरे सांगते का, तेही तपासून घ्यावे. चाचणी शांत आणि खोल पाण्यात करावी. टाक्या भरलेल्या, नेहमीची माणसे आणि सामान बोटीत, इंजिन गरम झालेले. हळूहळू रेस वाढवत पूर्ण न्यावी आणि काही मिनिटे फेऱ्यांचा आकडा पाहावा. वेग मोजायचा तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजून सरासरी काढावी, म्हणजे प्रवाहाचा फरक निघून जातो. धक्क्याला दोर बांधून ही चाचणी करू नये. उभ्या बोटीत पंख्यावर भार जास्त येतो आणि फेरे खोटेच कमी दिसतात.

आता निकाल कसा वाचायचा ते पाहू.

पूर्ण रेसला फेरे कमी भरले, काळा धूर निघाला, इंजिन तापू लागले, तर पंखा जड आहे. व्यास किंवा पिच जास्त झाले आहे. असे इंजिन रोज चालवले तर आत काजळी बसते, व्हॉल्व आणि इंजेक्टर खराब होतात आणि दहा वर्षे चालणारे इंजिन फार लवकर कामाला येते. कंपन्याही अशा वेळी वॉरंटीची जबाबदारी नाकारू शकतात.

फेरे ठरलेल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त गेले, इंजिन ओरडते पण बोट रेंगाळते, तर पंखा हलका आहे. इंजिनाला इजा कमी, पण विकत घेतलेली ताकद वापरली जात नाही आणि समोरच्या वाऱ्यात बोट पुढे सरकत नाही.

दुरुस्तीचा ठोकताळा असा की पिचच्या एका इंचाने इंजिनाच्या फेऱ्यांत साधारण १५० ते २०० चा फरक पडतो. ३४०० ऐवजी ३००० च भरले, म्हणजे ४०० कमी, तर पिच सुमारे दोन इंच उतरवावे. पंखा दुरुस्त करणारे चांगले कारीगर त्याच पंख्याचे पिच एक-दोन इंच कमी-जास्त करून देऊ शकतात. तेवढ्यासाठी नवा पंखा घेण्याची गरज नाही. मात्र सगळ्या पात्यांचे पिच सारखे राहिले की नाही, ते मोजून घ्यावे. एक पाते निराळे झाले तर थरथर सुरू होते.

आपल्याकडच्या गरम पाण्यात बुडावर शेवाळ आणि कवचाचे बारीक जीव फार लवकर धरतात. शिवाय गरम दमट हवेत इंजिनाची ताकद थोडी घटते. म्हणून नव्याने रंगवलेल्या स्वच्छ बोटीत फेरे ठरलेल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त भरतील, असाच पंखा ठेवणे शहाणपणाचे. महिन्या-दोन महिन्यांनी बूड मळले की ते आपोआप जागेवर येतात. आज बरोबर जुळलेला पंखा दोन महिन्यांनी जड होतो. आणि ज्या बोटीचे फेरे पूर्वी बरोबर होते पण आता घटले, तिथे पंख्याला दोष देण्याआधी बूड खरवडावे.

शिडावर चालताना पंख्याचे ओझे

इंजिनाच्या बोटीला हा प्रश्न नाही, शिडाच्या बोटीला आहे. वारा चांगला लागला, इंजिन बंद केले, तरी पंखा पाण्यात आहेच. तीन पात्यांचा स्थिर पंखा म्हणजे बोटीच्या मागे बांधलेली बादली. मंद वाऱ्यात त्याने अर्धा नॉट किंवा त्याहूनही जास्त वेग जातो. पाच नॉटच्या बोटीला अर्धा नॉट म्हणजे दहा टक्के. रुपयात दहा टक्के सूट कोणी सोडत नाही, इथे ती रोज सोडली जाते.

यावर चार इलाज आहेत. पहिला, दोन पात्यांचा स्थिर पंखा. तो स्वस्त आहे आणि ओढही कमी. कील जाड असेल तर पाती उभी करून तिच्या आडोशाला लपवता येतात. गेर यांच्या रीतीने तीनवरून दोन पात्यांवर येताना व्यास ५ टक्के वाढवावा लागतो. १५.६ चा साधारण १६.४ होतो, म्हणून जागा पुन्हा मोजावी. दोन पात्यांची थरथर थोडी जास्त असते.

दुसरा, मिटणारा पंखा. शिडावर चालताना पाण्याच्या दाबाने त्याची पाती छत्रीसारखी मिटतात. ओढ फार कमी. मात्र रिव्हर्समध्ये पाती पुरती उघडायला धडपडतात, म्हणून जुन्या घडणीचे असे पंखे बोट थांबवताना कमी पडतात.

तिसरा, पाती वळवणारा पंखा. इंजिन बंद झाले की याची पाती पाण्याच्या धारेला समांतर होतात. पुढे आणि मागे दोन्हीकडे पकड चांगली, आणि बऱ्याच पंख्यांत पिच बाहेरून बदलता येते. पण किंमत स्थिर पंख्याच्या कित्येक पट, आणि आतल्या गिअरना वेळेवर ग्रीस लागते.

चौथा इलाज फुकटचा. स्थिर पंखा अडकवून ठेवण्यापेक्षा मोकळा फिरू दिला तर सहसा ओढ कमी होते. पण इंजिन बंद असताना शाफ्ट फिरू द्यावा की नाही, हे गिअरबॉक्सच्या पुस्तकात पाहूनच ठरवावे. काही गिअरबॉक्सना अशा वेळी तेल पोचत नाही.

कोणी काय घ्यावे? गोव्यात दिवाडीच्या कारखान्यात बांधलेल्या म्हादई या ५६ फुटी बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा हजारो मैलांच्या शिडाच्या प्रवासात पंख्याच्या ओढीतला लहानसा फरकही अनेक दिवसांचा फरक होतो. तिथे महाग पंख्याचे पैसे वसूल होतात. पण ज्याची बोट आठवड्यातून एकदा बंदराबाहेर जाते, किंवा जिथे पाण्यात जाळ्यांचे दोर तरंगतात, तिथे साधा मजबूत स्थिर पंखाच बरा. तो बिघडला तर गावात दुरुस्त होतो.

खरेदी करताना

पंख्याची ऑर्डर तोंडी देऊ नये, कागदावर द्यावी. त्यावर या बाबी लिहाव्यात: इंजिनाची अश्वशक्ती आणि ती किती फेऱ्यांना मिळते, गिअरबॉक्सचे प्रमाण, बोटीची पाण्यातली लांबी आणि भरलेल्या बोटीचे वजन, शाफ्टच्या मध्यापासून बुडापर्यंतचे अंतर, शाफ्टचा व्यास आणि त्याचा टेपर, चावीची खाच, फिरण्याची दिशा आणि पात्यांची संख्या. ‘वीसच्या इंजिनाचा पंखा द्या’ असे सांगणे म्हणजे दुकानात जाऊन ‘एका माणसाचे कापड द्या’ म्हणण्यासारखे आहे. माणूस केवढा आणि शिवायचे काय, हे सांगितल्याशिवाय दुकानदार काय देणार?

धातूकडे लक्ष द्यावे. साधे पितळ खाऱ्या पाण्यात आतून पोखरते, त्यातले जस्त निघून जाते आणि धातू लालसर, ठिसूळ होतो. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ टिकाऊ, मॅंगनीज ब्राँझ त्यापेक्षा स्वस्त पण त्यातही जस्त पुष्कळ असते. शाफ्टवर जस्ताचा तुकडा बसवावा आणि निम्मा झिजला की बदलावा. तो स्वतः झिजतो आणि पंख्याला वाचवतो. पंखा शाफ्टच्या टेपरवर घट्ट बसला आहे का, हे चावी काढून, निळा रंग लावून तपासावे. नट घट्ट आवळून त्याची पिन बसवल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नये. रिव्हर्स टाकताना पंखाच निसटून गेला, असे ढिल्या नटामुळे घडू शकते.

ही मापे घेण्याची योग्य वेळ म्हणजे पावसाळा. बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, पंखा डोळ्यांसमोर असतो, टेप लावायला जागा असते. एक वही करावी. तिच्यात पंख्याचे माप, पूर्ण रेसचे फेरे, वेग, तासाचे डिझेल आणि बूड साफ केल्याची तारीख लिहावी. पुढल्या मोसमात पहिल्या दिवशी तीच चाचणी घ्यावी. आकडे जुळले तर पंख्याकडे पाहण्याची गरज नाही. दोनशे फेरे घटले असतील, तर बोट पुढे नेण्याआधी कारण शोधावे.